ध्रुव नसलेलं ध्रुवीकरण

प्रिय सुहास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "आपल्या ग्रुपचं ध्रुवीकरण झालंय, मधे कुणी उरलंच नाही" हे वाक्य डोक्यातून जाईना. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यापुढे हा शब्द वापरलास, आता भोग!

या शब्दाचा जन्मच गैरसमजातला. 1808 साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. एरवी त्यातून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी त्यातली एक विझत गेली. मालुस प्रकाशाला कण मानणारा. त्याला वाटलं, या कणांना चुंबकासारखे ध्रुव असावेत. म्हणून हे नाव. पुढे 1821 मध्ये फ्रेनेलने मांडलं की प्रकाश ही लाट आहे आणि तिची कंपनं प्रवासाच्या दिशेला काटकोनात होतात. ध्रुवबिव काही नव्हतेच, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

साध्या उजेडात सगळ्या दिशांची कंपनं असतात. पोलरॉइडची चकती त्यातली एकच दिशा पुढे जाऊ देते, निम्मा उजेड खाते. हेच प्रकाशाचं ध्रुवीकरण. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? तीन महिने मी ग्रुपवर अवाक्षर लिहिलं नाही. मला कुठल्या बाजूला धरलं होतंस रे?

आणि तुझी न् समोरच्या बाजूच्या आपल्या मित्राची मतं पाच वर्षांपूर्वी होती तीच आहेत. वाढली ती चीड. राज्यशास्त्रवाले याला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात.

काल वर्गात दोन चकत्या काटकोनात धरल्या. मिट्ट काळोख. मग त्यांच्या मधे तिसरी तिरकी, 45 अंशांत सरकवली आणि पलीकडची खिडकी पुन्हा दिसू लागली! दरवर्षी करतो, तरी दरवर्षी पोरांइतकीच मलाही गंमत वाटते. चकत्या अगदी निर्दोष धरल्या तरी मूळ उजेडाचा आठवा हिस्साच पोचतो, तोही दिशा बदलून. शिवाय तिसरी चकती मधेच हवी. बाहेर कुठेही धरली तर काळोख हलत नाही.

माणसं म्हणजे चकत्या नव्हेत, असं तू म्हणशीलच. म्हण. पण रविवारी त्यालाही फोनवर घेतो, तू उचल. मधे मी आहे, आणि तिरका तर मी पहिल्यापासूनच आहे.

तुझा,
विनय