पडद्यामागचा कोरस

गावभाग, सांगली

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, ऑर्केस्ट्राचा कंडक्टर व्हायला आलो आणि दोन वर्षं नुसता पियानो बडवतोय." त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर मला नीट सुचत नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या आजोबांची उमर संगीत नाटकाच्या ऑर्गनवर गेली. लहानपणी मी विंगेत बसायची, तिथून रंगमंचापुढे बसलेले अण्णा दिसायचे. नटाचा घसा बसलाय हे पहिल्या दोन वाक्यांतच त्यांना कळायचं. मग काळी दोनचं पद खालच्या पट्टीत, काळी एकमध्ये. त्यांनी नुसतं बोट दाखवलं की तबलजी हातोडी उचलायचा. नटानं तान लांबवली की अण्णांचा भात्यावरचा पाय हलका व्हायचा आणि नट समेवर येईपर्यंत सूर नुसता धरलेला असायचा. प्रेक्षक टाळ्या नटाला देत. पण पद कोण पुढे नेतंय, हे मला आठव्या वर्षी दिसत होतं.

तुझं काम मला त्याहून निराळं वाटत नाही. ऑपेराच्या, म्हणजे त्यांच्या संगीत नाटकाच्या, तालमीत पन्नास-साठ वाद्यांचं संगीत तू पियानोवर दहा बोटांत आणतोस. जो गायक आला नाही त्याची ओळ तूच म्हणतोस. कोण कुठे श्वास घेतो, कोण दर वेळी अर्धी मात्रा मागे राहतो, हे त्या नाट्यगृहात तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे? कंडक्टर म्हणून हात वर करायची वेळ येईल तेव्हा हेच लागणार आहे.

गेयॉर्ग शोल्टी या मोठ्या कंडक्टरबद्दल तूच मला सांगितलं होतंस, नंतर मी शोधून आणखी वाचलं. १९३० साली अठराव्या वर्षी ते बुडापेस्टच्या ऑपेरात लागले, ते तुझ्याच कामावर, तालमीत पियानो वाजवायला. तिथे पहिल्यांदा ऑपेरा कंडक्ट केला तो ११ मार्च १९३८ ला, मोझार्टचा 'फिगारो'. आठ वर्षं, निनाद. आणि दुसऱ्याच दिवशी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ज्यू माणूस, युद्धभर स्वित्झर्लंडमध्ये अडकलेला. तिथे त्यांना पियानोनं तगवलं. १९४२ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत त्यांनी पहिलं बक्षीस मिळवलं ते पियानोसाठी. म्युनिकचा ऑपेरा हाती आला तो त्यानंतर, १९४६ मध्ये. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे जो तो झुबिन मेहतांचं नाव घेतो. अठराव्या वर्षी व्हिएन्ना, बावीसाव्या वर्षी लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकली. तू सव्वीसचा झालास, हे मला कुणी मोजून दाखवायला नको. मी त्यांना एवढंच सांगते की मेहता व्हिएन्नात डबल बास हे ऑर्केस्ट्रातलं मोठं तंतुवाद्यही शिकले.

मागच्या महिन्यातली ती गोष्ट तू घाईत सांगून टाकलीस, ती माझ्या मनातून जात नाही. पडद्यामागच्या कोरसला तू खूण देत होतास, समोर छोट्या टीव्हीवर मुख्य कंडक्टरचा हात. आवाज मागून पोचायला वेळ लागतो, म्हणून तुला त्यांच्या हाताच्या किंचित आधी जावं लागलं. तीस मीटरला सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग, असं म्हणालास. अरे, मग ते कंडक्टिंगच झालं की! चाळीस माणसं तुझ्या हाताकडे बघून गायली आणि बाहेर ऑर्केस्ट्राबरोबर बरोबर पडली. आणि तू मला सांगितलंस, "काही विशेष नाही."

इंजिनिअरिंग सोडून तू पियानोसाठी मुंबईला निघालास, तेव्हा मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. अण्णांच्या घरातली असून. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

२०१९ च्या पुरात अण्णांच्या ऑर्गनचा भाता गेला होता, तो अखेर मिरजेत नवा घालून घेतला. खालच्या दोन पट्ट्या अजून अडकतात. तू आलास की बघ. भडंग आणि मेतकूट पाठवलंय, डबा कोरड्या जागी ठेव.

पुढचा पडद्यामागचा कोरस कधी आहे, ती तारीख आणि तुमची वेळ कळव. त्यात साडेतीन तास मिळवून मी इथे जागी राहीन.

तुझी,
आई