ओपन माइकची यादी

संपादक महोदय,

हल्ली दर आठवड्याला ओपन माइक (कुणीही नाव नोंदवून कविता-गाणी सादर करावीत असा कार्यक्रम) भरवायची टूम निघालीय, चांगलंच आहे, पण बरेचसे थोड्याच दिवसांत बंद पडतात आणि खापर मात्र प्रेक्षकांवर फुटतं. खरी गडबड यादीत असते. आधी येईल त्याचं नाव आधी असं ठेवलं की दरवेळी तेच चार जण सुरुवातीला, आपलं झालं की मित्रमंडळींसकट पसार, आणि पहिल्यांदाच आलेला बिचारा रिकाम्या खुर्च्यांना कविता ऐकवतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाका ना! प्रत्येकाला ५ मिनिटं, ४ झाली की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायचा, आणि हा नियम ओळखीच्यांनाही (त्यांनाच जास्त). सूत्रसंचालकाने मधे मधे स्वतःचे शेर ऐकवत बसू नये हेही कुणीतरी सांगायला हवं. आणि स्पीकर माइकच्या मागे नका हो ठेवू, पुढे ठेवा, तोंड प्रेक्षकांकडे, नाहीतर अशी काही शिट्टी वाजते की नवखा माणूस तिथेच गार होतो. गिटारवाल्यांचं साउंडचेक तेवढं लोक यायच्या आधी उरका.

– एक नियमित श्रोता