पुरुष शिक्षकांचा नुसता आकडा काय सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली दोन देश शेजारी शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते फार दिसतात, त्यात सहावी ते नववीच्या आसपासच्या वर्गांना शिकवणारे पुरुष शिक्षक कुठल्या देशात जास्त असाही एक प्रकार असतो आणि भारत-जपान घेतलं की भारताचा आकडा कितीतरी मोठा निघतो. निघणारच ना, आपण १४० कोटी आणि ते साडेबारा कोटींच्या आत. जपानशी तुलना करायचीच तर एकट्या महाराष्ट्राची करा, २०११ च्या जनगणनेतच आपण सव्वाअकरा कोटी होतो.

वर्गही सारखे नाहीत. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत हा टप्पा आपल्याकडे सहावी ते आठवी आणि जपानमधे सातवी ते नववी धरतात. शिवाय आपल्याकडच्या कित्येक झेडपी शाळा सातवीला संपतात आणि आठवी हायस्कूलला जाते, तिथले सर आठवीलाही शिकवतात आणि दहावीलाही, मग त्यांना कुठल्या खान्यात धरायचं?

मला खरं बोलायचंय ते टक्क्यांबद्दल. ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, तिच्या देशांमधे या टप्प्याला सरासरी दहातल्या जवळपास सात शिक्षिका असतात. जपानमधे उलटं आहे, तिथल्या सरकारी शाळा-सर्वेक्षणात या शाळांमधे साधारण अडीच लाख शिक्षक दिसतात आणि त्यात निम्म्याहून जास्त पुरुष. हे वाचून लगेच म्हणणारे भेटतात की बघा, म्हणून तिकडे शिस्त आहे, वाढत्या वयाच्या पोरांना सरच पाहिजेत. मला हे अजिबात पटत नाही. तिथेच प्राथमिकला बायका साठ टक्क्यांच्या वर आहेत, पुढच्या टप्प्याला गेलं की कमी होतात आणि तिथल्या हायस्कूलला, म्हणजे दहावी ते बारावीला, तर एक तृतीयांशावर येतात. ओईसीडीच्या २०१८ च्या शिक्षक-सर्वेक्षणात जपानचे या टप्प्याचे शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतात असं निघालं, सगळ्या देशांत सर्वात जास्त, सरासरी ३८ होती. त्यातले साडेसात तास खेळाचे आणि इतर क्लब सांभाळण्यात, ते पण शाळा सुटल्यावर आणि बऱ्याचदा सुट्टीच्या दिवशी. घरी लहान मूल आणि बहुतेक सगळं घरकाम अंगावर असलेल्या बाईने ही नोकरी कशी टिकवायची? त्याच सर्वेक्षणात तिथे या शाळांच्या मुख्याध्यापकांमधे बायका फक्त ७ टक्के होत्या. म्हणजे पुरुष जास्त असण्यामागे कामाच्या या तासांचा मोठा हात आहे, यात कौतुक कसलं करायचं.

आपल्याकडे वारं दुसऱ्या दिशेला आहे. यूडायस म्हणजे सरकार दरवर्षी सगळ्या शाळांची माहिती भरून घेतं ती नोंद, तिच्याप्रमाणे २०२४-२५ मधे देशातल्या सगळ्या शाळांचे मिळून शिक्षक १ कोटीच्या वर गेले आणि त्यात ५४ टक्के शिक्षिका, दहा वर्षांपूर्वी त्या निम्म्याहून कमी होत्या. चांगलीच गोष्ट आहे. पण देशाची सरासरी गावातल्या शाळेला लागू होत नाही. मी झेडपीला पदवीधर शिक्षक आहे, सहावी-सातवीला गणित-विज्ञान घेतो, आणि आमच्या भागात अशा शाळा आहेत जिथे या वर्गांना एकही बाई नाहीये. याच वयात मुलींची पाळी सुरू होते, पोट दुखतंय हे सरांना सांगायचं कसं म्हणून मुलगी गप्प बसते नाहीतर दोन दिवस शाळेलाच येत नाही. आम्ही कितीही मायेने वागलो तरी हे राहतंच. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे खातं ठरवतं तेव्हा, पदं मुलांच्या पटावर ठरतात, बाई आहे का नाही हे तिथे कुणी बघत नाही.

म्हणून संपादकसाहेब एक विनंती आहे. कुठल्या देशात किती पुरुष शिक्षक हे छापताना शेजारी एकूण शिक्षक किती, वर्ग कोणते आणि तास किती तेही छापा. आणि यूडायसमधे प्रत्येक शाळेच्या शिक्षकांची स्त्री-पुरुष नोंद आम्ही दरवर्षी भरतोच, त्यावरून सहावी ते आठवीला एकही शिक्षिका नसलेल्या शाळा कुठल्या जिल्ह्यात किती, ही यादी तुमच्या पेपरने शिक्षण खात्याकडून मागवून घ्यावी आणि जिल्हा आवृत्तीत छापावी.

आपला वाचक,
एक पदवीधर शिक्षक, सोलापूर जिल्हा