दोस्ता, मशीनला लावलेला तो ऑटो आधी काढ

मूल, जि. चंद्रपूर
श्रावण वद्य द्वादशी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन झाला आणि रात्री दोन वाजेपर्यंत माझा डोळा लागला नाही. तू किती खुशीत होतास! फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारी बारा इंची थिकनेस मशीन, जुनी का असेना, पण स्वतःची. तुझे बाबा जन्मभर हातरंध्यावर राबले. एका दाराच्या फळ्या साफ करायच्या तर त्यांचा अख्खा दिवस जायचा. तेच काम आता तुझ्या अंगणात अर्ध्या तासात होणार. त्या खुशीत तू सहज बोलून गेलास, "शेतातल्या मोटारीचा ऑटो पडूनच होता, तोच लावून टाकला. लाईन गेली-आली तरी उठायचं काम नाही." तेव्हा मी नुसतं हो-हो केलं. तुझ्या आनंदावर विरजण घालवलं नाही मला. पण मन खात राहिलं, म्हणून हे पत्र.

लाईन आली की मोटार आपसूक सुरू करणारा तो ऑटो आजच काढ. तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसून खिशात घाल आणि मगच पुढचं वाच.

शेतात ऑटो का लावतो आपण? शेतीची लाईन रात्री-बेरात्री येते. पाळीचा भरवसा नसतो, म्हणून आपण झोपेत असलो तरी मोटार आपसूक सुरू व्हावी. विहिरीत पंप एकटा असतो, तिथे कुणाचा हात नसतो. थिकनेसरजवळ मात्र तुझा हात असतो, पोराचा असतो. साध्या डीओएल, म्हणजे मोटार थेट लाईनवर सुरू करणाऱ्या, स्टार्टरमध्ये एक कॉईल असते. हिरवं बटण दाबलं की ती पट्टी ओढून धरते. लाईन गेली की कॉईल सुटते, आणि लाईन परत आली तरी कुणी बटण दाबेपर्यंत मोटार फिरत नाही. सुताराला वाचवते ती हीच गोष्ट. ऑटो नेमकी तीच मोडून टाकतो, कारण लाईन आली की बटण तो स्वतः दाबतो.

माझ्यावर काय बेतलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. घरीही फक्त बाबांना ठाऊक आहे. मशीन घेतली त्या वर्षी स्टार्टरला पैसे उरले नव्हते, मी ती नुसत्या मेन स्विचवर चालवायचो. मे महिना होता. ओलसर बाभळीची फळी अडकली, ढलप्या आत गच्च बसल्या आणि तेवढ्यात लाईन गेली. मला वाटलं, चला, मशीन बंद झाली. आतला पात्यांचा फिरता ब्लॉक थांबेपर्यंत उभा राहिलो, तेवढी अक्कल होती. मग वरचं झाकण उचललं आणि बोटांनी ढलप्या उपसायला लागलो. स्विच चालूच होता, त्याचा विचारही मनात आला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला म्हणून डावा हात वर घेतला. उजव्या हातात ढलप्यांचा पुंजका होता, त्याचं दुसरं टोक अजून आत. बाहेरून भाचा ओरडला, "मामा, लाईन आली!" त्याचा आवाज आणि मशीनचा आवाज एकाच वेळी आला. तो पुंजका हातातून असा सुटला की तळहाताला चटका बसला. बोटं ब्लॉकपासून वीतभर लांब होती. घाम पुसायला थांबलो नसतो तर आज हे पत्र मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागलं असतं.

हा ब्लॉक मिनिटाला पाच हजार फेरे घेतो असं धर. त्यावर तीन पाती, म्हणजे सेकंदाला अडीचशे घाव. आपण "अरे" म्हणायला तोंड उघडतो तेवढ्यात काम संपलेलं असतं. बटण बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो, आणि फिरताना पाती दिसत नाहीत, नुसता गुळगुळीत लोखंडी रूळ दिसतो. म्हणून आमच्याकडे आता एकच रिवाज आहे. लाईन गेली की ज्याचा हात जवळ असेल त्याने आधी लाल बटण दाबायचं. आत हात घालायचा असेल किंवा पाती बदलायची असतील, तर तिन्ही किटकॅटच्या वरच्या मुठ्ठ्या काढून ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवायच्या. टेबलावर नाही, खिडकीत नाही. टेबलावर ठेवलेली मुठ्ठी कुणीतरी भलेपणाने परत लावतो.

लाईनचंच आणखी एक. तुझ्याकडची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळून नवी बसली की कधी कधी फेज उलटसुलट होतात, तेव्हा पंप उलटा फिरून पाणी देत नाही हे तू पाहिलं आहेस. थिकनेसरही तसाच उलटा फिरेल. पुलीवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेव. डीपीचं किंवा खांबावरचं काम झालं की लाकूड न घालता क्षणभर बटण दाबून सोड आणि पुली बाणाच्या दिशेने जाते का ते पाहा. मोटार नुसतीच गुणगुणली आणि उचलली नाही, तर एक फेज नाही असं समज आणि तात्काळ बंद कर.

आता तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण, चार दिवसांवर आला. तू म्हणालास, नंदीबैलांच्या सतरा ऑर्डरी आहेत. माझी दुसरी काळजी ती. बैलाच्या पायाखालचा पाट आठ-नऊ इंचांचा असतो, आणि हाताशी मशीन असली की तो तुकडा तिच्यातून काढायचा मोह होतोच. नको काढूस. मशीनमध्ये दोन रोलर असतात, एक लाकूड आत ढकलणारा, एक बाहेर ओढणारा. ब्लॉक त्यांच्या मधोमध. तुकडा त्या अंतरापेक्षा आखूड असला तर पहिल्या रोलरने सोडलेला असतो आणि दुसऱ्याने अजून धरलेला नसतो. त्या क्षणी तो कुणाच्याच ताब्यात नसतो. पाती त्याला उचलतात, आडवा करतात, फोडतात आणि ज्या तोंडातून गेला त्याच तोंडातून परत फेकतात. माझ्याकडे असा एक तुकडा समोरच्या कुडाच्या भिंतीतून आरपार गेला आहे, भोक अजून तसंच आहे. टेप लावून रोलरमधलं अंतर मोज. त्याहून निदान दोन इंच लांब असेल तेच लाकूड मशीनचं. मी तर पंधरा इंचांखाली घालतच नाही. पाटासाठी लांब फळीच रंधून घे आणि नंतर तुकडे काप. सतरा पाट दोन फळ्यांत निघतील, वेळही वाचेल.

याच कारणाने तोंडासमोर उभं राहायचं नाही. फळी आत सरकवली की एक पाऊल बाजूला. कुठवर गेली ते वाकून बघायचं नाही. तोंडाशी जे लोखंडी दाते लोंबतात ते फळी मागे येऊ नये म्हणून असतात. जुन्या मशीनमध्ये ते डिंकाने चिकटून वर अडकलेले असतात. रॉकेल लावून मोकळे कर, बोटाने उचलून सोडला तर प्रत्येक दाता आपोआप खाली पडला पाहिजे.

खोलीचं म्हणशील तर एका वेळी अर्धं सूत, म्हणजे दीड मिलिमीटर. बाभूळ रुंद असली तर त्याहून कमी. घाई झाली म्हणून दोन सूत एकदम घेतलं की मोटार दबते, लाकूड फाटतं आणि अडकतं, आणि अडकलं की पुन्हा आत हात घालायची पाळी येते. जाडीत फरक असलेल्या दोन फळ्या शेजारी-शेजारी सोडू नकोस. रोलर जाडीला धरतो, पातळ मोकळी राहते. वाकडी फळीही थिकनेसरने सरळ होत नाही. रोलर तिला दाबून सपाट करतो, बाहेर आली की ती पुन्हा कमान धरते. एक बाजू आधी सरफेस मशीनवर (फळीची बाजू सरळ करणाऱ्या) किंवा बाबांच्या त्या लांब रंध्याने सरळ कर. तो रंधा विकू नकोस.

२०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाच्या डेपोतून सागवान गेलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढा आनंद झाला होता. पण तुझ्या-माझ्या दारात येतं ते बहुतेक पडक्या घरांचं सागवान, जुने खांब आणि म्याली, म्हणजे तुळया. त्यात खिळे असणारच. बांधावरच्या बाभळीतही कुंपणाची तार गिळलेली सापडते. मी जुन्या स्पीकरचा चुंबक सुतळीला बांधून फळीवरून फिरवतो. जिथे तो ओढ घेतो तिथे खडूने खूण करून उकरतो. खिळ्यावर बसलेलं पातं नुसतं बोथट होत नाही, त्याचा तुकडा उडू शकतो.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपण ओला दुपट्टा गळ्यात टाकतो. मशीनवर तो डोक्याला घट्ट गुंडाळ नाहीतर खुंटीला टांग. हातमोजे तर मुळीच नको. उघड्या बोटाला लागलं तर बोटावर निभावेल, मोजा मात्र अख्खा हात ओढून नेतो. तोंडाला मास्क लाव. लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच तसं सांगून ठेवलं आहे. सागाच्या भुशाने अंगाला खाज सुटते ती वेगळीच. कानालाही काहीतरी घाल. माझे बाबा आता दोनदा हाक मारल्याशिवाय वळत नाहीत.

तुझा पोरगा बारा वर्षांचा. हौशीने मदतीला येईल, येऊ दे. पण त्याला मशीनपासून लांब ठेव, पाटाला कानस मारायला बसव. ढलप्या झाडायचं काम त्याला देऊ नकोस, निदान मशीन फिरत असताना तरी.

पोळा झाला की मी येतो. चंद्रपूरहून सकाळची वणीची बस धरीन. माझ्याकडे एक डीओएल स्टार्टर जास्तीचा आहे, कॉईल नवी टाकली आहे, तो घेऊन येतो आणि आपण दोघं मिळून बसवू. तोवर नंदीबैल हातानेच कर. सतरा फार नाहीत, वहिनींना सांग की दोन रात्री चहाचं आधण चुलीवर राहू दे. ऑटो काढून झाला की मला एक मिस कॉल दे, पलीकडून काही बोलायची गरज नाही. मी वाट पाहतो आहे.

काकांना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच
मूलचा दोस्त