बोधगयेच्या गाइडभाऊंना, नागपूरहून

प्रिय भाऊ,

सप्रेम जय भीम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. न विचारता चारचौघांत कुणाचं नाव टाकणं मला बरं वाटत नाही. पण वाचाल तेव्हा तुम्ही ओळखालच. जानेवारीतलं धुकं, गुडघ्याला पट्टा बांधलेली म्हातारी आणि तिची सारखी घड्याळ बघणारी लेक. मराठी तुम्हाला वाचता येतं की नाही ठाऊक नाही, बोलता मात्र येतं. ‘हळू हळू, आई’, ‘पायरी आहे’, ‘चहा घेऊ’ एवढ्या भांडवलावर तुम्ही आईशी अर्धा दिवस गप्पा मारल्यात. विदर्भातली माणसं वर्षानुवर्षं तुमच्या गावी येतात, त्यांच्याकडूनच उचललेलं असणार. लिपी तर एकच आहे. कुठे अडलात तर एखाद्या वऱ्हाडी यात्रेकरूला पकडा, वाचून दाखवेल.

तुमचे आभार मानायचेत ते कमी दाखवल्याबद्दल.

मी घरूनच यादी करून आणली होती. महाबोधी, थाई, जपानी, भूतानी, तिबेटी, म्यानमारचं, व्हिएतनामी, चिनी, बांगलादेशी विहार, वस्तुसंग्रहालय, शिवाय नदीपलीकडचा सुजातेचा स्तूप. सगळं दुपारच्या आत, कारण संध्याकाळी गयेहून गाडी. ती यादी तुम्ही नीट वाचलीत, घडी घालून मला परत दिलीत आणि माझ्याशी न बोलता आईला विचारलंत, “आई, किती चालता येतं?” आई म्हणाली, “बसत बसत कितीबी.” झालं, तिथेच तुमचा बेत ठरला. आधी महाबोधी, मग थाई, मग भूतान, शेवटी मोठा बुद्ध. दुपारी बारा ते दोन बहुतेक विहार बंद असतात, तेव्हा त्याआधी एवढंच नीट होईल, असं म्हणालात. मला तेव्हा पैसे वाया गेल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. तुम्हाला ते दिसलं असणारच, पण तुम्ही काही बोलला नाहीत.

मोबाइल खोलीवरच ठेवून यायला सांगितलंत, तेही बरं झालं. आत मोबाइल चालत नाही, आणि जमा करायच्या खिडकीवर पहाटेपासून रांग होती. आम्ही सरळ आत. मग त्या पायऱ्या. मंदिर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पाचेक मीटर खाली आहे, हे मी वाचलं होतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर उतरेपर्यंत त्याचा अर्थ कळत नाही. शतकानुशतकं माती साचत गेली आणि एकोणिसाव्या शतकात ती उपसून हे सगळं मोकळं केलं, हे तुम्ही पायरीपायरीवर थांबून सांगितलंत. दोन वाक्यं आणि एक पायरी. आईला वाटलं तुम्ही इतिहास सांगताय. तुम्ही तिला दम घ्यायला लावत होतात, ते माझ्या खाली पोचल्यावर लक्षात आलं. बुटांच्या ठिकाणी पिशवीतून लोकरी मोज्यांचा नवा जोड काढून तिच्या हातात दिलात. त्या थंडीत संगमरवरावर अनवाणी चालायचं म्हणजे तळपायातून कळा मस्तकात जातात. ते मोजे आई अजून घालते, धुऊन परत पाठवायचं नाव काढत नाही.

पंचावन्न मीटरचं ते शिखर धुक्यात अर्धंच दिसत होतं. बाकीचे गाइड आपापल्या गटांना उंची, साल, २००२ सालचा जागतिक वारसा असं मोठ्याने सांगत होते. तुम्ही आईला प्रदक्षिणेच्या वाटेवर दगडी कठड्याशी नेलंत. इथले जुने खांब बरेचसे संग्रहालयांत गेले आहेत, त्यांच्या जागी नकला बसवल्या आहेत, हे आधी स्पष्ट केलंत. मग खिशातली छोटी वही काढून पेन्सिलीने ब्राह्मी अक्षरं काढलीत आणि खाली नागरीत लिहिलंत: ‘अयाये कुरंगिये दानं’. आर्या कुरंगीचं दान. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही राजघराण्यातली बाई, आणि तिचं नाव या कठड्याच्या खांबाखांबावर कोरलेलं. आईने ती वही डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाली, “म्हंजे आमच्या विहारातल्या पंख्यावानी.” तुम्हाला कळेना. मग मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे विहाराला पंखा दिला की त्याच्या पात्यावर ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्याचं नाव रंगवतात. पंखा चालू असला की नाव दिसत नाही आणि बंद असला की उकाड्याने वाचायचं भान राहत नाही. तुम्ही इतके हसलात की शेजारची तिबेटी म्हातारी जपमाळ थांबवून बघायला लागली. आमच्या आईच्या नावाचा पंखा आहे, भाऊ. महिला मंडळाच्या भिशीतून घेतलेला. त्या दिवसापासून ती कुरंगीचा उल्लेख ओळखीच्या बाईसारखा करते.

बोधिवृक्षाबद्दल तर खास आभार. मागच्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीला लागून वज्रासन, आणि त्याच्यावर तो पसारा. आमच्या पुढच्या गटाला त्यांचा गाइड सांगत होता की याच झाडाखाली भगवंत बसले होते. तुम्ही तसं सांगितलं नाहीत. मूळ झाड कधीच गेलं, नंतरचंही तोडलं गेलं, पुन्हा उगवलं, १८७६ च्या वादळात आणखी एक पडलं आणि आता आहे ते इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या काळात लावलेलं, असं सरळ सांगितलंत. मला वाटलं आईचा हिरमोड होणार. पण तिने उलट तुम्हालाच विचारलं, “अन् आमच्या दीक्षाभूमीचं झाड माहीत हाये का?” तुम्हाला माहीत नव्हतं. मग तिने सांगितलं. सम्राट अशोकाच्या लेकीने, संघमित्तेने, इथली फांदी लंकेला नेली, ती अनुराधपुरात वाढली, आणि तिथून भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेली रोपं नागपुरात लागली. आम्ही लहान असताना तिच्या मांडीवर बसून ऐकलेली ही गोष्ट. तुम्ही खाली वाकून ऐकलंत आणि वहीत लिहून घेतलंत, नावासकट. “कौसल्यायन” दोनदा विचारून. आई आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं ऐकत आली. तिचं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर तुम्ही बाजूला झालात. कुठे बसायचं ते हाताने दाखवलंत आणि दूर जाऊन उभे राहिलात. लंकेहून आलेला पांढऱ्या कपड्यांतला एक मोठा गट त्रिसरण म्हणत होता. त्यांची चाल वेगळी, ‘सरणं’ बराच वेळ ओढणारी. आई आपल्या वस्तीतल्या चालीत सुरू झाली आणि अर्ध्यातच त्यांच्या चालीत शिरली. पंचशीलापर्यंत तर त्या बायकांनी सरकून तिला आपल्यात घेतलं होतं. मी घड्याळ बघितलं, तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवून ‘असू दे’ म्हणालात. तिथेच पाऊण तास गेला, आणि यादीतला जपानी विहार तेव्हाच हातचा गेला.

निघताना आईने तो प्रश्न विचारला, जो नागपूरचा माणूस तिथे विचारल्याशिवाय राहत नाही. हे चालवतं कोण? यावर कुणी भाषण ठोकतं, कुणी विषय बदलतं. तुम्ही म्हणालात, १९४९ चा कायदा आहे, समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू, अध्यक्ष जिल्हाधिकारी; व्यवस्थापन पूर्णपणे बौद्धांकडे द्या म्हणून आंदोलनं चालू आहेत, त्यात आमच्या नागपूरकडची पुष्कळ माणसं येतात. एवढंच. तुमचं पोट त्या गावात आहे, रोज सगळ्यांना तोंड द्यायचं आहे. तरीही माहिती लपवली नाहीत. आईने पुढे काही विचारलं नाही, पण तिचं मत तिने टोटोत, म्हणजे तिथल्या बॅटरीच्या रिक्षात, बसल्यावर मला दिलंच. ते इथे लिहीत नाही, तुम्हाला अंदाज असेल.

थाई विहार सुंदर आहे, उतरत्या छपरांचा, सोनेरी टोकांचा, पण त्याचं वर्णन करत बसत नाही. फोटोत दिसतो तसाच आहे. तिथली गंमत वेगळीच झाली. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त, १९५६ च्या सुमाराला, पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून थायलंडने हा विहार उभारायला घेतला, असं तुम्ही सांगितलंत. साल ऐकल्याबरोबर आई थांबली. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिचे वडील दीक्षाभूमीवर होते, बैलगाडीने आणि मग पायी आलेले. ते सांगायला तिने तुम्हाला पायरीवर बसवून घेतलं. आमच्याकडच्या माणसासमोर ५६ साल उच्चारायचं असेल, भाऊ, तर हाताशी वेळ ठेवत जा.

भूतानच्या विहारात तुमचा शहाणपणा मला पुरता कळला. आतल्या भिंतींवर भगवान बुद्धांचं चरित्र मातीच्या उठावात घडवलंय, माणसं भिंतीतून बाहेर येतील अशी. तुम्ही तोंड उघडलंत, पण आई आधीच पुढे गेली होती. हा जन्म, हा सारथी छन्न, हा कंथक घोडा, हे माराचं सैन्य. वर्षावासात दरवर्षी ग्रंथवाचन ऐकलेली बाई ती. तुम्ही हात मागे बांधून तिच्या मागून चालत राहिलात आणि ती थांबली की “फिर?” एवढंच विचारत राहिलात. तुम्हाला ती भिंत पाठ असणार. रोज सांगत असाल. तरी चेहऱ्यावर पहिल्यांदा ऐकतोय असा भाव. शाळेत शिकवते मी. वर्गात गप्प राहणं किती अवघड असतं ते मला विचारा.

मोठ्या बुद्धाशी पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. ८० फुटी, कमळावर ध्यानस्थ बसलेली मूर्ती, जपानच्या दाइजोक्यो पंथाने उभारलेली, १९८९ मध्ये दलाई लामांच्या हस्ते खुली झालेली. खरं सांगू? मला ती फार भावली नाही. फार मोठी आहे, आणि खाली फोटोवाल्यांची झुंबड. पण दोन्ही बाजूंना उभे असलेले दहा शिष्य आवडले. आईने सारिपुत्त, मोग्गलान, आनंद, राहुल ओळीने घेतले आणि उपालीपाशी येऊन टोटोवाल्या पोराला हाक मारली. उपाली न्हावी होता, शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा मिळाली, म्हणजे पुढे राजपुत्रांनी त्याला वंदन करायचं. त्या पोराला मराठी एक अक्षर येत नव्हतं. तुम्ही वाक्यावाक्याचं मगहीत, तिकडच्या बोलीत, करून दिलंत आणि तो पोरगा उपालीकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

पावणेबाराला तुम्ही आम्हाला खोलीवर सोडलंत. जास्तीचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, “आईने मलाच फिरवलं” म्हणालात. संग्रहालय, सुजातेचा स्तूप, तिबेटी विहार सगळं राहिलं. माझ्या मैत्रिणी विचारतात, अमुक पाहिलं का, तमुक पाहिलं का. नाही पाहिलं. आई मात्र अजून एकेका जागेबद्दल तासभर बोलू शकते, आणि बोलतेच.

आता कामाचं. आमच्या वस्तीतली मंडळी बुद्धपौर्णिमेला तिकडे येत आहेत. त्यांना तुमचा नंबर दिला आहे. त्यांच्यात तिघी आईच्या वयाच्या आहेत, आणि एक काका आहेत जे प्रत्येक सालावर वाद घालतील. त्यांना कठड्याशी न्या, रमतील. वैशाखात तिकडे फरशी तापत असेल, तेव्हा मोजे आणा म्हणून मीच सगळ्यांना बजावलं आहे. आईने त्यांच्याबरोबर संत्राबर्फीचा डबा दिला आहे. घरी मुलांना द्या. उन्हाळ्याचे दिवस आहेत, ठेवू नका, दोन दिवसांत संपवा.

आपली,
आईची लेक, नागपूर