हत्तीचं नाणं वाचून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सप्रेम जयभीम.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही दापोलीत पाऊस किती झाला ते सांगायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, आता विषय बदलता येणार नाही.

आमच्या घरी त्या पदकाला 'हत्तीचं नाणं' म्हणत, कारण मागच्या बाजूला पाठीवर तोफ घेतलेला हत्ती आहे. खापरपणजोबांचं पदक, आजीच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली असायचं. त्यांच्याबद्दल घरात आणखी दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, ते लंगडत चालायचे. दुसरी म्हणजे भावकीतला टोमणा : "तुमचा पेन्शनर लढाईतून पळून आला." पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी नाही, हा पुरावा पुढे कुणा शिकलेल्याने त्याला जोडून दिला.

मी दोन वर्षं आडनावाने शोधत बसलो होतो. पहिल्याच भेटीत तुम्ही म्हणालात, "आडनाव विसर. ते शाळेच्या दाखल्यावर आलं. पलटणीत स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, दोन्हींच्या शेवटी 'नाक', महारांच्या नावाला लागायचं तसं." मग खिशातून खडू काढलात, पदकाच्या कडेवर घासलात, अंगठ्याने पुसलंत. झिजलेली अक्षरं पांढरी होऊन वर आली. शेवटची तीन, एन-ए-सी, मला आधी दिसली. घशाशी काहीतरी आलं, खोटं का सांगू. पुढे पलटण होती : पहिली बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे ग्रेनेडियर्स.

त्या दुपारी तुमच्या ओटीवर तुम्ही काजूच्या बिया मांडून दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धातली मैवंदची लढाई दाखवलीत. २७ जुलै १८८०. इंग्रज जनरल बरोजची ब्रिगेड जेमतेम अडीच हजारांची आणि समोर अफगाण अयूब खानाची कितीतरी पट फौज. ग्रेनेडियर्स डावीकडे, उघड्या रानात, आडोशाला झुडूपही नाही. मराठे, महार, परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, मुसलमान असे एकाच पलटणीत, आणि भर उन्हात तोफांचा मारा खात तासन्‌तास जागेवर. मग आपल्या काही तोफांचा दारूगोळा संपला, त्या मागे गेल्या, गाझी, म्हणजे धर्मासाठी लढणारे अफगाण, धावून आले आणि डावी बाजू मोडली. साडेनऊशेच्या वर माणसं मेली. उरलेली पाण्याविना चालत, सुमारे ४५ मैलांवरच्या कंदाहारला पोचली. तुम्ही बिया एकेक करून उचलत होतात आणि मी मोजायचं सोडून दिलं होतं.

पट्टीचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. हार झालेल्या मैवंदसाठी पट्टी काढलीच नाही. 'कंदाहार' पट्टी त्यानंतरच्या, १ सप्टेंबरच्या कंदाहारच्या लढाईत उतरलेल्यांना. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतून पदकांच्या यादीची पानं तुम्ही मला मागवायला लावलीत, तिथेही त्यांच्या नावापुढे पट्टी नव्हती. मी लगेच म्हणालो, म्हणजे मैवंदला जखमी होऊन ते तेव्हा कंदाहारच्या किल्ल्यात पडून होते! तुम्ही चष्मा काढलात. "असतील. पाय तसं सांगतो, कागद सांगत नाही. 'असतील' असंच लिही." राग आला होता तेव्हा तुमचा. आता लिहिताना 'असतील' असंच लिहिलंय.

पणजोबांना पलटणीत जायचं होतं, हे मी तुम्हाला नंतर सांगितलं. तोवर महारांची भरती बंद झालेली. तुम्ही कपाटातून महार भरती पुन्हा सुरू करा म्हणून निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी केलेल्या १८९४ च्या अर्जाची नक्कल काढून पुढ्यात ठेवलीत आणि चहा टाकायला आत गेलात. मैवंदनंतर चौदा वर्षांत या माणसांना आपण लढवय्ये आहोत हे अर्ज करून सांगावं लागलं! त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, तेही बरं केलंत.

चुलतभाऊ पदकाला नकली पट्टी बसवून फ्रेम करणार होता. त्याला नको म्हटलं. आजीने मात्र भावकीतल्या त्या घरी स्वतः जाऊन सगळं ऐकवलं, हत्तीसकट. 'असतील' तिने गाळलं असणार, तेवढं माफ करा.

तुमचं भिंग चुकून माझ्या पिशवीत आलंय. दिवाळीत येतो तेव्हा आणतो.

तुमचा,
खेडचा विद्यार्थी