मंत्रिमहोदय, पोत्यावर छापलंय ते पोत्यात आहे का?

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

‘कोंबड्यांच्या खाद्याचा नमुना द्या, आठ दिवसांत अहवाल हातात’, असा शब्द आपण मेळाव्यात दिला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. अहवाल काल आला, 37 व्या दिवशी. तोवर बॅच विकून शेड धुऊन झाली होती. प्रथिनं, तंतू, ओलावा सगळं टापटीप लिहिलंय. फॉस्फरस आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) यांपुढे मात्र शिक्का: ‘तपासणीची सोय नाही’. मी विचारलं होतं ते एवढंच!

ब्रॉयलर 16 दिवसांचे होते. पहाटे शेडमध्ये गेलो तर पिल्लं दाण्याच्या भांड्यापाशी बसलेली, चोच पुढे, उठता येईना. एकाचा पाय हातात धरला तर हाड रबरासारखं वाकलं. डॉक्टरांनी दोन पक्षी फाडून दाखवले, यकृत पिवळं पडलेलं. 3000 पैकी 400 गेले. बायकोच्या वहीत 460 आहेत, तिचाच आकडा खरा असेल. उरलेले लंगडे वजनात मार खाऊन गेले.

खाद्य मी स्वतः दळतो. मका 13 टक्क्यांच्या आत सुकलेला हवा, हे आपले अधिकारीच सांगतात. माझ्या पोत्यात हात घातला तर आत ऊब होती आणि दाणे एकमेकांना चिकटलेले. माझीही चूक, उतरवून घेतानाच बघायला हवं होतं. व्यापारी म्हणाला, टॉक्सिन बाइंडर टाका, म्हणजे विष धरून ठेवणारी पूड. साहेब, बाइंडरमधलं बेंटोनाइट (एक माती) अफ्लाटॉक्सिन धरतं, पण टी-2 सारख्या बुरशीच्या दुसऱ्या विषांपुढे त्याचं फारसं चालत नाही. आणि सडका मका त्याने चांगला होतो थोडाच?

मग डीसीपी, म्हणजे फॉस्फरससाठी खाद्यात मिसळायची डायकॅल्शियम फॉस्फेटची पूड. पोत्यावर 18 टक्के फॉस्फरस छापलंय. चमचाभर घेऊन त्यावर संडास धुण्याचं ॲसिड टाकलं, तर सोड्यासारखं उसळलं. चांगलं डीसीपी असं फसफसत नाही, चुनखडी फसफसते. मक्यातला दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, तो कोंबडीला फारसा पचत नाही, म्हणून तर आम्ही डीसीपी विकत घेतो. त्यात चुना निघाला की कॅल्शियम वाढतं आणि आहे तो फॉस्फरसही अंगी लागत नाही. पाय वाकणार नाहीत तर काय?

शेड बांधताना तुम्ही माझ्याकडून सात दाखले घेतलेत. चुना विकणाऱ्याकडून किती घेतलेत? घेतलेही असतील, माझ्या पोत्यावर ते दिसले नाहीत. मेळाव्याच्या मांडवाला पैसा असतो, फॉस्फरस तपासायला नसतो. कर्ज देताना उत्साह, वसुलीला त्याहून दुप्पट. मध्ये बॅच वाढते त्या 35 दिवसांत तुमचं पशुसंवर्धन खातं असतं कुठे?

सोमवारी नवी पिल्लं येतायत. डीसीपीचं दुसरं पोतं दळणाच्या खोलीत पडून आहे, शिवण अजून उसवलेली नाही. फॉस्फरस आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही तपासून मिळतील अशी एक प्रयोगशाळा सोमवारच्या आत कळवा. पदरचं भाडं खर्चून नमुना पोचवतो.

आपला,
एक कुक्कुटपालक